बसस्थानकाला सगळे ‘स्टँड’ का म्हणतात? हा शब्द मूळचा कुठला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही साताऱ्यात नवीन आलात, बोर्डावर ठळक अक्षरांत ‘बसस्थानक’ लिहिलंय, तरी रिक्षावाल्यापासून कचेरीतल्या साहेबांपर्यंत सगळे ‘स्टँड’च म्हणतात. चांगला मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? आणि स्टँड म्हणजे तर उभं राहणं, मग गाड्यांच्या अड्ड्याला ते नाव कसं पडलं?

मी कोरेगाव रस्त्यावरच्या एका हायस्कूलला इंग्रजी शिकवते. बावीस वर्षं साताऱ्याच्या स्टँडवरून रोज अप-डाऊन चाललंय. या शब्दाच्या छपराखाली आयुष्यातले किती तास उभी राहिले असेन याचा हिशोब मी मुद्दाम केलेला नाही. त्यामुळे उत्तर जरा लांबणार, चहा घेऊन बसा.

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, कारण ते सोपं आहे. इथं उभी राहते ती गाडी, माणूस नाही. आपणही म्हणतोच की, ‘वाईची गाडी तीन नंबरला उभीय.’ लंडनमध्ये भाड्याच्या घोडागाड्या असायच्या. १६३४ साली बेली नावाच्या एका माजी दर्यावर्दी कप्तानानं अशा चार गाड्या घेतल्या, गाडीवानांना एकसारखे कपडे शिवले, कुठपर्यंतचं भाडं किती ते ठरवून दिलं आणि स्ट्रँड नावाच्या रस्त्यावर ठरलेल्या जागी उभं राहायचा हुकूम केला. गिऱ्हाइकाला गाडी शोधत हिंडायला नको, ही त्यातली अक्कल. अशा जागेला पुढं ‘स्टँड’ म्हणायला लागले. (स्ट्रँड आणि स्टँड यांचं मात्र काही नातं नाही. स्ट्रँड म्हणजे नदीचा काठ.) इंग्रजांबरोबर तो शब्द आपल्याकडे आला. आधी टांगास्टँड झालं, मग मोटारस्टँड. माझी आजी शेवटपर्यंत ‘मोटारस्टँड’च म्हणायची. एसटी आल्यावर ‘मोटार’ गळून पडली, स्टँड राहिलं. खुद्द इंग्लंडमध्ये आता अशा जागेला सहसा ‘बस स्टेशन’ म्हणतात. म्हणजे आपण जपून ठेवलंय ते त्यांचंच जुनं चलन.

एकदा शब्द घरात आला म्हटल्यावर आपण त्याला कुठं कुठं कामाला लावलं ते बघा. सायकलचा, गाडीचा साईड स्टँड, सलाईनचा, भांड्यांचा. आजीच्या घरी माठ घडवंचीवर असायचा. आता घडवंची हा शब्द माझ्या मुलीला कळत नाही, ती ‘माठाचा स्टँड’ म्हणते. गंमत म्हणजे आमच्याकडे एसटीचं ते स्टँड आणि माठाचा तो स्टँड. लिंगसुद्धा आपण अर्थ बघून वाटून दिलं. परक्या शब्दाला कोणी एवढी सोय करून देत नाही.

इंग्रजीत या शब्दाचा पसारा किती आहे ते मला नववीच्या वर्गानं शिकवलं. एकदा ऑफ तासाला सगळ्यांना सांगितलं, ‘स्टँड’ वापरून एकेक वाक्य लिहा, शेजाऱ्याचं बघायचं नाही. वह्या घरी आणल्या आणि रात्री एकटीच हसत बसले. एका पोरीनं लिहिलेलं, ‘आय केम स्टँडिंग फ्रॉम रहिमतपूर.’ म्हणजे एसटीत जागा मिळाली नाही, स्टँडिंग आले. दुसऱ्यानं लिहिलं, ‘माय मदर मेक कारलं, आय कान्ट स्टँड.’ आणि शेवटच्या बाकावरचा एक, जो एरवी तोंड उघडत नाही, त्यानं लिहिलं होतं: ‘माय अंकल स्टुड इन ग्रामपंचायत अँड फेल डाऊन.’

हे शेवटचं वाक्य मला अजून पाठ आहे. अर्धं चूक, अर्धं बरोबर. निवडणुकीला इंग्लंडमधला उमेदवारही आपल्यासारखा ‘उभा’च राहतो, तिथंही स्टँड हेच क्रियापद. अमेरिकेतला उमेदवार मात्र ‘धावतो’. फरक पुढं आहे. आपल्याकडे उभा राहिलेला ‘पडतो’, इंग्रजीत तो नुसता ‘हरतो’. मी त्या पोराला लाल शाईनं ‘लॉस्ट’ लिहून दिलं, पण मनातून त्याचं बरोबर होतं. उभ्या माणसाला पडायचा हक्क असलाच पाहिजे.

कारल्याचं काय? तिथं स्टँड म्हणजे सहन करणं. मूळ लढाईतलं: समोरून चाल करून येणाऱ्यापुढं पाय न हलवता टिकून राहणं, तग धरणं. त्यातूनच आजचा ‘स्टँड घेणं’ आला, म्हणजे ठाम भूमिका घेणं. आपली मराठी इथं उलट्या बाजूनं विचार करते. नकोशा माणसाला आपण दारात उभं करत नाही. इंग्रज माणसाला मात्र तो दारात आला की आपल्यालाच उभं राहवत नाही.

वर्गात सांगता येत नाही असाही एक अर्थ आहे, ‘वन नाईट स्टँड’. आज तो शब्द ऐकून लोक डोळे मिचकावतात. पण एकोणिसाव्या शतकात तो फिरत्या नाटक कंपन्यांचा साधा धंद्यातला शब्द होता. गावात एका रात्रीचा एकच खेळ, उद्या बाडबिस्तरा पुढच्या गावी. आपल्याकडच्या लोकांनी तर हे चटकन ओळखावं. शेजारच्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ उभं केलं आणि पुढं आपली नाटक मंडळी घेऊन ते गावोगाव हिंडले. आणि बघा, मी लिहून गेले ‘उभं केलं’. नाटकही आपल्यात उभंच राहतं.

आता पहिला प्रश्न. मराठी शब्द असताना इंग्रजी कशाला? इथं मला तुमच्या प्रश्नाच्या मुळालाच हात घालावा लागेल. तुम्ही ‘स्टँड’ आणि ‘स्थानक’ हे दोन वेगळ्या जातीचे शब्द धरले आहेत. ते चुलत भाऊ आहेत.

स्थानक, स्थान, स्थिती, स्थिर ही सगळी संस्कृतातल्या ‘स्था’ धातूची लेकरं, ‘स्था’ म्हणजे उभं राहणं. लॅटिनमध्ये उभं राहण्याला ‘स्तारे’, जर्मनमध्ये ‘श्टेहेन’, इंग्रजीत ‘स्टँड’. इतक्या लांबच्या भाषांत एकाच कामाला इतका सारखा आवाज योगायोगानं येत नाही. १७८६ साली कलकत्त्याला विल्यम जोन्स यांनी एशियाटिक सोसायटीपुढच्या भाषणात मांडलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एका समान मुळातून निघाल्या असाव्यात आणि ते मूळ आता कदाचित उरलेलंही नसेल. शेवटचं वाक्य महत्त्वाचं. ‘इंग्रजी शब्द संस्कृतातून चोरलाय’ असे मेसेज तुम्हालाही येत असतील. ते खरं नाही. संस्कृत ही इंग्रजीची आई नव्हे, फार तर ज्येष्ठ मावशी. दोघींची आजी वेगळीच होती, आणि तिनं एक अक्षरही लिहून ठेवलेलं नाही.

मुलं इथं हमखास अडवतात: ‘बाई, स्था मध्ये न कुठंय?’ प्रश्न चांगला. ‘स्टँड’चा भूतकाळ करून बघा: ‘स्टुड’. न गायब. तो न मुळातला नाहीच, वर्तमानकाळापुरता आत शिरलेला पाहुणा आहे. संस्कृतानंही वर्तमानकाळ असाच नटवला, फक्त दुसऱ्या तऱ्हेनं: धातू ‘स्था’, पण ‘तो उभा आहे’ म्हणताना ‘तिष्ठति’.

हे ‘तिष्ठति’ मला पुस्तकात नाही, स्टँडवर भेटलं. मागच्या जुलैत, पाऊस मी म्हणत होता, माझ्याच आळसानं सातची गाडी चुकली. बाकावर शेजारी एक आजी, मांडीवर बोचकं, डोक्यावर खताच्या पोत्याची खोळ. मला विचारलं, ‘कोरेगावच्या गाडीचं स्टँड कंचं गं बाई?’ (फलाटालाही स्टँड!) मी म्हटलं हेच. तर त्या म्हणाल्या, ‘मग बरं. फाटंपासनं हितंच तिष्ठत बसलीया.’ शाळेचं तोंड न पाहिलेली ती बाई दोन वाक्यांत संस्कृतचा वर्तमानकाळ आणि इंग्रजीचं नाम, दोन्ही एकाच धातूचे, शेजारी शेजारी बसवून मोकळी झाली. मी वही काढून लिहून घेतलं तेव्हा त्यांना वाटलं मी नाव-पत्ता टिपून घेतेय. जरा बिचकल्याच.

संस्कृत ‘स्थान’ तोंडात घोळून घोळून प्राकृतातून मराठीत आलं ते ‘ठाण’ आणि ‘ठाणं’ होऊन. ठाणे शहर शिलाहारांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ आहे. म्हणजे ‘ठाणे बसस्थानक’ या बोर्डावर तोच शब्द दोनदा रंगवलाय, एकदा घासून गुळगुळीत झालेला आणि एकदा कोराकरकरीत.

ठाण म्हणजे घोडा बांधायची जागा. तो तिथून हलत नाही, म्हणून जो पाहुणा हलत नाही तो ‘ठाण मांडून’ बसतो. लॅटिनमध्ये जनावरं उभी करायच्या जागेला, याच धातूवरून, ‘स्टाबुलुम’ म्हणायचे. इंग्रजीत तेच ‘स्टेबल’ झालं, तबेला. उत्तरकाळच्या रोमन साम्राज्यात या तबेल्यांवर एक अधिकारी असायचा, ‘कोमेस स्टाबुली’, म्हणजे पागेचा सरदार. ते नाव युरोपभर फिरलं, झिजलं, कधी सेनापती झालं, कधी किल्लेदार, आणि शेवटी खालच्या पायरीवर येऊन झालं ‘कॉन्स्टेबल’. तर आपल्या पोलीस ठाण्यातला कॉन्स्टेबल हा शब्दाच्या हिशोबानं ठाणावरचा पागेवाला. ठाणंही स्थेचं, कॉन्स्टेबलही स्थेचा. पोलीस स्टेशन म्हणालात तरी सुटका नाही, ‘स्टेशन’ लॅटिनच्या त्याच ‘स्तारे’वरून आलंय. हे मी एका ओळखीच्या हवालदारांना सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बाई, घोडं पण न्हाई आता, बुलेट बी न्हाई.’

आता ‘एसटी’ घ्या. एसटी म्हणजे स्टेट ट्रान्सपोर्ट. ‘स्टेट’ आला लॅटिन ‘स्टाटुस’वरून, म्हणजे उभं असण्याची रीत, स्थिती. म्हणजे ‘एसटी स्टँड’ मध्ये स्था दोनदा आहे. आणि इंग्रज ज्यांना ‘प्रिन्सली स्टेट’ म्हणायचे त्यांना आपण काय म्हणायचो? संस्थान. पुन्हा स्था. सातारचं राज्य डलहौसीनं १८४८ सालीच खालसा केलं. पण आज ज्याला आपण सातारा आणि सांगली जिल्हा म्हणतो त्यात औंध, फलटण, सांगली, मिरज, जत अशी संस्थानं नंतरही शंभर वर्षं होती. ती १९४८ मध्ये विलीन झाली. त्याच वर्षी १ जूनला पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. एका वर्षात जुने स्टेट गेले आणि नवीन स्टेटची गाडी सुटली.

गाडीत चढल्यावरही पिच्छा सुटत नाही. भाडं ठरतं टप्प्यावर, सहा किलोमीटरचा एक टप्पा, आणि जुने कंडक्टर त्याला ‘स्टेज’ म्हणतात. नाटकाचं स्टेज तेच, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेलं. ‘सीट’ मात्र वेगळ्या घरातली. ती ‘सिट’ची, आणि सिट म्हणजे संस्कृतातला ‘सद्’, बसणं. सभासद, संसद, परिषद यातला तोच सद्. एसटीच्या दारात लोंबकळताना खरं तर एवढाच प्रश्न असतो: आज सद् की स्था? (२०२३ च्या मार्चपासून आम्हा बायकांना अर्धं तिकीट झालं. माझ्या सकाळच्या गाडीत तेव्हापासून बहुतेक वेळा स्था.) आणि नगरपरिषद बसलेली असते पण तिची स्थायी समिती उभी असते, हे तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला सांगून बघा. ‘स्टँडिंग कमिटी’ला ‘स्थायी समिती’ असा प्रतिशब्द ज्यानं कोणी दिला त्यानं अर्थ तर साधलाच, धातूही सोडला नाही.

अशी आणखी एक जोडी मला फार आवडते. इंग्रजी ‘सर्कमस्टन्स’ फोडला तर ‘सर्कम’ म्हणजे सभोवार, आणि पुढं स्तारे: आपल्याभोवती जे उभं आहे ते. मराठी ‘परिस्थिती’ फोडा: परि म्हणजे सभोवार, आणि स्थिती. टाक्याला टाका जुळतो. दहावीला हे एकदा फळ्यावर लिहून दाखवलं की ‘सर्कमस्टन्सेस’चं स्पेलिंग निदान निम्मी मुलं चुकत नाहीत.

‘अंडरस्टँड’चा किस्सा वेगळा. खाली उभं राहण्याचा आणि समजण्याचा काय संबंध, असं प्रत्येक बॅच विचारते. जुन्या इंग्रजीत ‘अंडर’ला ‘खाली’बरोबर ‘मध्ये’ असाही अर्थ होता, आणि समजण्यातला अंडर तोच असावा असं बरेच अभ्यासक मानतात. हा ‘मध्ये’वाला अंडर म्हणजे आपल्या ‘अंतर्’चा नातेवाईक. मग अंडरस्टँड म्हणजे अंतर् अधिक स्था. हा शब्द आपल्याकडे आहेच, व्याकरणाच्या पुस्तकात झोपलेला: अंतःस्थ. य, र, ल, व यांना अंतःस्थ म्हणतात, कारण वर्णमालेत ते एकीकडे क-ख-ग वगैरे आणि दुसरीकडे श-ष-स यांच्या मध्ये उभे असतात. अर्थ पार निराळा, पण हाडं तीच.

‘स्थ’ तर आपण शेपटासारखा कुठंही लावतो. गावात राहतो तो ग्रामस्थ, दोघांच्या मध्ये शिरतो तो मध्यस्थ. नदीला पूर आलेला काठावर उभा राहून नुसता बघतो तो तटस्थ, आणि इंग्रजीत असल्या बघ्याला ‘बायस्टँडर’ म्हणतात. कृष्णाकाठच्या माणसाला तटस्थ शब्द समजावून सांगावा लागू नये. देशस्थ-कोकणस्थ हा विषय मी साताऱ्यात राहून काढणार नाही.

तुम्ही आता प्रत्येक शब्दात स्था शोधायला लागाल, म्हणून थोडं सावध करते. ‘थांबा’ या घरातला नाही, तो ‘स्तंभ’वरून आलाय. इंग्रजी ‘स्टॉप’ही नाही. त्याचं मूळ लॅटिनमधल्या काथ्यासारख्या तंतूच्या नावात आहे, भोकात बोळा कोंबून ते बुजवणं हा त्याचा पहिला अर्थ. म्हणजे स्वारगेटची विनाथांबा गाडी या सगळ्या प्रकरणातून सुटली. आणि ज्या शब्दानं मी सुरुवातीपासून अर्थ सांगत आलेय तो ‘उभा’ पण बाहेरचाच, तो ‘ऊर्ध्व’ झिजून झालाय. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा थोडं वाईट वाटलं होतं. ‘उठणं’ मात्र आपलं, उत् अधिक स्था. ‘ठेवणं’ही आपलं, ते ‘स्थाप’वरून आलं. माठ घडवंचीवर ठेवा नाही तर स्टँडवर ठेवा.

तेव्हा शुद्ध काय, अशुद्ध काय, या वादात मी पडत नाही. सरकारी अर्जात ‘बसस्थानक’ लिहा, ते बरं दिसतं. बोलताना मात्र ‘स्टँड’च म्हणा. पोवई नाक्यावर रिक्षात बसून ‘स्थानकावर चला’ म्हणालात तर रिक्षावाला क्षणभर तुमच्याकडे बघेल, बॅग बघेल, तुम्ही बाहेरगावचे आहात हे ओळखेल आणि थेट माहुलीच्या रेल्वे स्टेशनला नेऊन सोडेल. तेही शेवटी स्थाच, पण ते गावाबाहेर आहे, आणि मीटरला ही नाती कळत नाहीत.